सगुणानगर

"परत आला," असं म्हणत ग्रामसेवक ननावरे भाऊसाहेबांनी तो जाड लिफाफा माझ्या कीबोर्डवरच ठेवला.

लिफाफा पंचायत समितीतून आला होता आणि आत आम्हीच महिन्यापूर्वी पाठवलेला प्रस्ताव होता. दलित वस्ती सुधार योजनेतून वस्तीत पाण्याची टाकी बांधायची आणि घरोघर नळ द्यायचे. नकाशा, अंदाजपत्रक, ठराव, सगळं जसंच्या तसं होतं. फक्त पहिल्या पानावर एका शब्दाभोवती लाल पेनानं गोल केला होता. मांगवाडा.

किसन वायदंडे दाराशी उभा होता. तो पंचायतीचा सदस्य, राखीव जागेवर निवडून आलेला. लग्नाच्या हंगामात बँडमध्ये क्लॅरनेट वाजवायचा, एरवी गवंड्याच्या हाताखाली जायचा. मासिक सभेत त्याला खुर्ची होती, पण इतर दिवशी तो आत यायच्या आधी दाराशी थांबायचा. ती त्याची सवय होती, आणि आम्ही कुणी त्याला कधी "आत ये" म्हणत नव्हतो ही आमची.

"काय चुकलं, भाऊसाहेब?"

"चुकलं काही नाही. जातीवरनं पडलेली वस्त्यांची नावं बदलायची, असा आदेश निघालाय. जुन्या नावाचा प्रस्ताव आता वर घेत नाहीत. ग्रामसभेत नवं नाव ठरवायचं, ठराव जोडायचा आणि महिनाअखेरीच्या आत पाठवायचा. उशीर झाला तर टाकी दुसऱ्या गावाला जाईल."

"हे चांगलंच झालं की," किसन म्हणाला. "ते नाव आमाला तरी कुठं हवं हुतं?"

भाऊसाहेबांनी आदेशासोबतचा कागद पुढं धरला. त्यावर नमुन्यादाखल नावं दिली होती. "समतानगर, प्रगतीनगर, क्रांतीनगर. यातलं एक सांग. ह्या बाई आत्ता टाईप करून टाकतील."

"एक दिस द्या. वस्तीला इचारतो."

या गोष्टीला आता पाच वर्षं होऊन गेली. वाघदरवाडीच्या ग्रामपंचायतीत मी संगणकावर बसते. दाखले काढायचे, उतारे द्यायचे, प्रस्ताव टाईप करायचे, सभेचं इतिवृत्त लिहायचं. ही जागा मला माझे थोरले दीर हणमंतराव जगदाळे यांच्या शब्दावर मिळाली. ते तेव्हा उपसरपंच होते. सरपंचबाई वर्षातले आठ महिने मुंबईला लेकाकडे असायच्या, तेव्हा गावाचा कारभार भावजींच्याच हातात होता.

दुसऱ्या दिवशी किसन वहीचा फाडलेला कागद घेऊन आला. त्यावर एक्केचाळीस सह्या आणि अंगठे होते, आणि वर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, सगुणानगर.

"सगुणा म्हणजे?" भाऊसाहेबांनी विचारलं. "देवी आहे का कुठली?"

किसन माझ्याकडं बघून हसला. "भाऊसाहेब परगावचे. वैनी, तुमीच सांगा."

मी सांगितलं. सगुणाबाई सकट ही वस्तीतली म्हातारी, वय ऐंशीच्या पुढं. गावाला डांबरी रस्ता होईपर्यंत आणि आरोग्य केंद्र सुरू होईपर्यंत, आणि नंतरही अडीनडीला, वाघदरवाडीत जेवढी बाळंतपणं झाली ती हिच्या हातानं. वस्तीतली, गावठाणातली, वरच्या मळ्यांतली. एकही बाई दगावली नाही असं ती कधी म्हणाली नाही. दगावलेल्या तिघींची नावं तिला पाठ होती आणि ती त्यांच्या लेकरांना जत्रेत खाऊ द्यायची.

मी भाऊसाहेबांना एवढंच सांगितलं. माझं स्वतःचं सांगितलं नाही.

माझी वैष्णवी पोटात आडवी होती. चैतातली दुपार, गावातली एकुलती एक जीप लग्नाला गेलेली. सासूबाईंनी माणूस पाठवून सगुणाआयला बोलावलं. तिनं हात धुतले, गोडेतेल कोमट करायला सांगितलं आणि माझ्या पोटावर हात ठेवून डोळे मिटले. पुढचे तीन-चार तास ती बाळाला बाहेरून, कातडीवरून, बोटबोटभर फिरवत राहिली. मी ओरडत होते आणि ती पोटातल्या बाळाशी बोलत होती. "ये की गं बया. वाट हिकडं हाय. हिकडं ये." तिन्हीसांजेच्या आत वैष्णवी झाली. सगुणाआयनं तिला पुसून माझ्या कुशीत दिलं.

पाचवीची पूजा झाली. तिला लुगडं, पायलीभर गहू आणि नारळ दिला, पण ती ओसरीच्या खाली उभी असताना, वरून. ती गेल्यावर सासूबाईंनी खोलीत गोमूत्र शिंपडलं. मी खाटेवर पडल्या पडल्या बघत होते. माझ्या अंगावर आणि पोरीच्या अंगावरही चार थेंब पडले.

किसननं कागद दिला त्या संध्याकाळी जेवताना भावजींनी मला विचारलं, "वस्तीचं ते नाव टाईप केलंस?"

"केलं. ग्रामसभेच्या विषयात घातलंय."

"सभेत मंजूर होणार नाही. तू उगाच पुढं पुढं करू नको."

"मी कुठं काय करतीय? त्यांनी कागद दिला, मी टाईप केला."

भावजी शांतपणे जेवत होते. ते चिडणारे नव्हते, चिडायची त्यांना कधी गरजच पडली नव्हती. "माझा म्हातारीवर राग नाही. पण असं बघ, उद्या तिथं कमान लागणार, पाटी लागणार. रस्ता पुढं आपल्या प्लॉटांकडं जातो. प्लॉट घेणारा विचारणार, सगुणा कोण? काय सांगायचं त्याला? आपल्या गावची सुईण, मांगाची? त्यापरास समतानगर बरं. समता कुणालाही चालती."

सासूबाई भाकरी थापत होत्या. मी त्यांच्याकडं बघितलं. स्वतः भावजी आणि माझे मालक, दोघंही सगुणाआयच्याच हातचे. सासूबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाल्या, "वाढ त्याला आमटी."

ग्रामसभा मंगळवारी अकरा वाजता शाळेच्या पटांगणात भरली. एरवी कोरमला माणसं गोळा करावी लागायची. त्या दिवशी न बोलावता दीडशेवर आली. मधल्या लिंबाच्या डाव्या बाजूला वस्तीतली माणसं बसली, उजवीकडं गाव, गावातल्या बायका ओट्यावर. सगुणाआयला किसनच्या बायकोनं हाताला धरून आणलं होतं. ती सगळ्यात मागं, शाळेच्या पायरीला टेकून बसली. मी टेबलाशी वही घेऊन होते, माझ्या शेजारच्या खुर्चीत भावजी, पलीकडं भाऊसाहेब.

भाऊसाहेबांनी विषय वाचला. वाचून होताच मागून कुणीतरी म्हणालं, "महापुरुषाचं नाव द्या की. आमी न्हाई म्हणतो का?" दुसरा म्हणाला, "देवाचं द्या." तिसरा म्हणाला, "उद्या न्हावी म्हणंल माझ्या आज्याचं द्या, सुतार म्हणंल माझ्या आज्याचं. कुठं थांबायचं?"

भावजींनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "वाद नको. जिवंत माणसाचं नाव देता येत नाही. नियम आहे तसा. काय भाऊसाहेब?"

भाऊसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "तसा... संकेत आहे."

"नियम हाय का संकेत हाय?" किसननं विचारलं.

"संकेत म्हणजे नियमासारखंच असतं."

किसन उभाच होता. वाजवणारा माणूस, त्याच्या छातीत हवा भरपूर, पण तो आवाज न चढवता बोलला. "मी भाषण करणार न्हाई. येकच इचारतो. हितं बसलेल्यांपैकी जे सगुणाआयच्या हातानं जन्माला आले, न्हाईतर ज्यांची लेकरं तिच्या हातानं झाली, त्यांनी हात वर करा. नावाला हो म्हणून नका करू. झालं ते झालं, एवढंच."

डावीकडचे हात लगेच वर गेले. म्हातारे, पोरं, बायका, सगळे. उजवीकडं कुणी हललं नाही.

मी माणसं बघत होते. पहिल्या रांगेत सोसायटीचे चेअरमन, त्यांच्या गळ्याला जन्मताना नाळेचा वेढा होता, हे सगळ्या गावाला माहीत होतं. त्यांच्या मागं दोघं जुळे भाऊ. ओट्यावर माझ्या चुलतसासवा, प्रत्येकीची चार-चार, पाच-पाच बाळंतपणं. त्यांच्यात माझ्या सासूबाई. त्यांनी पदर कपाळावर ओढून घेतला आणि मान खाली घातली. एक हात वर झाला, मारुती जगदाळे, आमच्याच भावकीतला, सकाळीच पिऊन आलेला. त्याच्या पोरानं तो हात धरून खाली ओढला. थोडे लोक हसले.

माझ्या उजव्या हातात पेन होतं. पेन खाली ठेवायचं आणि हात वर करायचा, एवढंच काम. भावजींचं मनगट माझ्या वहीपासून वीतभर अंतरावर होतं. त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही. मी वहीकडं बघत राहिले. लिहिण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी वर लिहिलेली तारीख पुन्हा गिरवली. मग पुन्हा गिरवली. कागद फाटायला आला.

वस्तीतल्या माणसांचे हात हळूहळू खाली आले.

"ठीक आहे," भाऊसाहेब म्हणाले. "आता आज नाव ठरलं नाही तर प्रस्ताव जाणार नाही. शुक्रवारी शेवटचा दिवस आहे. मग मला बोल लावू नका."

वस्तीतल्या बायकांत कुजबुज झाली. एक जण म्हणाली, "किसनभावजी, आपल्याला पाणी पायजे. वड्यातनं हंडं आणून कंबर गेली माजी." दुसरी तिला गप्प करायला लागली. किसन अजून उजवीकडंच बघत होता, जसं काही कुणाचा तरी हात यायचा राहिलाय.

तेव्हा मागून आवाज आला. "हणमंता."

सगळे वळले. सगुणाआय पायरीला धरून उभी राहिली होती. गावात ती भावजींना मालक म्हणायची. चारचौघांत नावानं हाक मारलेली मी तेव्हाच ऐकली.

"माजं नाव काडून टाका. मला नको. भाऊसाहेब, कुटलं ते लिवा आन् पाण्याचं बगा."

"आय, तू खाली बस," किसन म्हणाला.

"तू बस."

किसन बसला. उजवीकडून कुणीतरी टाळी वाजवली, आणि मग सगळा गाव टाळ्या वाजवायला लागला. भावजी उभे राहिले. "याला म्हणतात मनाचा मोठेपणा," ते म्हणाले. "गावानं शिकावं म्हातारीकडनं."

मी लिहिलं, सर्वानुमते समतानगर. सूचक म्हणून सदस्याचं नाव लागतं, भाऊसाहेबांनी किसनचं घालायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची सही घ्यायला मी वस्तीत गेले. किसन घरासमोर क्लॅरनेट पुसत बसला होता. त्यानं कागद वाचला नाही. मी बोट ठेवलं तिथं सही केली आणि पेन परत दिलं. मी काहीतरी बोलावं म्हणून थांबले, तर तो म्हणाला, "चा घेणार न्हाईसा. जावा, उशीर व्हईल." मी घेतला असता की नाही, मला खरंच माहीत नाही.

सगुणाआयचं घर वस्तीच्या टोकाला, आमच्या रानाच्या बांधाला लागून होतं. ती उन्हात पाय सोडून बसली होती. मी समोर उभी राहिले. आदल्या रात्रीपासून मनात घोकलेलं वाक्य मी बोलून टाकलं.

"आय, मला हात वर करायचा हुता."

"मंग?" ती म्हणाली.

ती रागानं विचारत नव्हती. खरंच विचारत होती.

"बस," ती म्हणाली. मी पायरीवर बसले. ती बराच वेळ गुडघा चोळत होती. मग म्हणाली, "काल तुजा दीर आलता हितं. सभंच्या आदी, सकाळच्याला."

"भावजी? इथं?"

"हितंच बसला, तू बसलीस तितं. माज्या हातचा चा पिला. साखर कमी हाय म्हणला." तिच्या चेहऱ्यावर हसू आल्यासारखं झालं, पण ते नीट आलं नाही. "म्हणला, आय, नळाची लाईन माज्या बांधावरनं जातीया. माजी सही नसंल तर काम व्हयाचं न्हाई. नाव सोड, मी सही देतो. मी म्हणलं, दे."

मला कळायला वेळ लागला. "म्हणजे सभेच्या आधीच ठरलं हुतं?"

"हां."

"मग किसनभाऊंना का नाही सांगितलंस? ते सगळ्यांपुढं उभे राहिले. हात वर करायला लावले. तू एक शब्द बोलली असतीस तर..."

"बोलली असती तर त्यो उबा ऱ्हायला नसता."

"मग?"

तिनं माझ्याकडं बघितलं. डोळ्यांत मोतीबिंदू होता, पण मला वाटलं तिला मी अगदी स्वच्छ दिसत असणार.

"मला बगायचं हुतं, पोरी," ती म्हणाली. "कोन कोन हात वर करतंय."

बांधावर आमचा गडी पंपाचा पाईप ओढत होता. मी त्याच्याकडं बघत बसले, कारण तिच्याकडं बघवत नव्हतं.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "तुजी लेक कितवीला हाय?"

"आठवीला."

"अंगानं कशी हाय?"

"उंच झालीया. माझ्यापेक्षा उंच."

"बरं," ती म्हणाली. "जा आता. ऊन झालं."

प्रस्ताव शुक्रवारी गेला. भावजींनी बांधाची संमती खरोखरच त्याच दिवशी दिली, ते शब्दाचे पक्के होते. टाकी व्हायला दीड वर्ष लागलं. नळ आले. पाणी एक दिवसाआड, पण येतं. वस्तीच्या तोंडाशी निळ्या अक्षरात समतानगर अशी पाटी लागली. उद्घाटनाला भावजींनी नारळ फोडला आणि वस्तीतील ज्येष्ठ नागरिक म्हणून सगुणाआयला शाल घातली. शाल अंगावर घेऊन ती उभी आहे, असा फोटो पंचायतीच्या भिंतीवर आहे. गावात सगळे अजून मांगवाडाच म्हणतात. कागदावरचा पत्ता वाचून कुणी समतानगर विचारत आलं, तर आधी गावात कुणाला कळत नाही, मग कुणीतरी जुनं नाव घेतं आणि वाट दाखवतं.

परवाच्या माघात सगुणाआय गेली. आजारी पडली नाही, कुणाला त्रास दिला नाही. वस्तीतल्या बँडनं वाजवत नेलं. गावातली पाच-सहा माणसं ओढ्यापर्यंत गेली, पुढं नाही. मी कार्यालयात होते.

तिसऱ्या दिवशी किसन मृत्यूची नोंद करायला आला. ननावरे भाऊसाहेब बदलून गेले होते, नवे रजेवर होते. कार्यालयात आम्ही दोघंच. मी म्हणाले, "आत या, बसा." तो आला, पण बसला नाही. मी फॉर्म उघडला. नाव, वय, पत्ता. पत्त्यात समतानगर घातलं. पुढचा रकाना व्यवसायाचा होता.

"इथं सुईण लिहिते," मी म्हणाले.

किसन पडद्याकडं बघत होता. त्याचे केस आता पुष्कळ पिकलेत.

"नको, वैनी."

"का? खरंच आहे ते. सरकारी नोंद आहे, कायमची राहील."

"नको," तो पुन्हा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "ते तवा सभंत म्हणायचं हुतं. मजुरी लिवा. मजुरीबी करायचीच की ती."

तो उभा होता, दाखला कधी मिळेल याची वाट बघत.

मी मजुरी लिहिलं.